अहेवाचं न्हाणं

जे. पी. नगरातल्या जुन्या मराठी घरांतून कुणी बाई गेली, की पहिला फोन डॉक्टरला, दुसरा विद्युतदाहिनीला आणि तिसरा कृष्णवेणीअक्कांना. तीस-पस्तीस वर्षं हेच चालत आलं होतं. अक्का फोनवर उगाच हाय हाय करत बसत नसत. "सरी, येते," एवढं अर्धं कानडी, अर्धं मराठी म्हणून ठेवून द्यायच्या. मग कपाटातून कापडी पिशवी निघायची: शिकेकाई, खोबरेल, हळदीचा डबा, कुंकू, हिरव्या बांगड्या आणि मऊ दातांची फणी. नवऱ्याला, म्हणजे विठोजीरावांना, भात कुठे आणि सांबार कुठे ते सांगायचं आणि चपला सरकवून चालू लागायचं.

काम कसलं, तर मेलेल्या बाईला शेवटचं न्हाऊ घालायचं. नवरा जिवंत असताना जी जाते ती अहेव, आणि तिचं न्हाणं म्हणजे घाईघाईत उरकायची गोष्ट नव्हे. सवाष्णींनी दार लावून घ्यायचं आणि तिला नवरीसारखं नटवायचं. ऊन पाणी, केसांना तेल, अंगाला हळद, हातभर चुडा, कपाळभर मळवट, खण-नारळाची ओटी. मग दार उघडलं, की बाहेरच्या बायका डोळ्यांना पदर लावून म्हणायच्या, "भाग्याची गं बाई, अहेव गेली!" मेलेली बाई भाग्याची! नवऱ्याला मागे धडधाकट ठेवून गेली, म्हणजे केवढं घबाड हाती लागलं तिच्या! पण म्हणायची रीत होती, आणि अक्कासुद्धा तसंच म्हणायच्या.

बावीस वर्षांच्या असताना त्या जुन्या शहरातल्या कॉटनपेटच्या घरात सून म्हणून आल्या. हे काम तेव्हा सासू करायची. पाण्याची घागर उचलायला म्हणून सुनेला सोबत न्यायची आणि नेता नेता तिनं दोन गोष्टी सुनेच्या डोक्यात पक्क्या बसवल्या. अहेवाच्या अंगावर डाग दिसता कामा नये. इस्पितळातल्या सुयांचे काळेनिळे ठिपके, पट्टीचा चिकटा, नखांतला मळ, सगळं काढायचं आणि जे निघत नाही ते हळदीखाली घालायचं. दुसरी गोष्ट, न्हाणीत पाहिलेलं न्हाणीतच ठेवायचं.

अक्कांनी दोन्ही गोष्टी डोळे मिटून पाळल्या. काय काय नव्हतं पाहिलं त्यांनी? पाठीवर पट्ट्याचे वळ पाहिले. मांडीवर उदबत्तीनं दिलेले डाग पाहिले. मोडून तसाच वाकडा जुळलेला हात पाहिला, आणि त्या हाताच्या धनिणीचा नवरा बाहेर भिंतीला डोकं आपटून रडत होता, तेही ऐकलं. सगळ्यावरून हळद फिरवली. कुणाच्या घरची गोष्ट अक्कांच्या तोंडून बाहेर आली नाही, आणि याचा त्यांना चांगला अभिमान होता. लोकही मान देत. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला पहिली ओटी अक्कांची.

मंडळाचे अध्यक्ष गुंडूराव. कापडाचे व्यापारी, तीन मजली घर, बोलणं साखरेत घोळलेलं. विठोजीराव कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा याच गुंडूरावांनी त्यांना मंडळाचे चिटणीस केलं, आणि तेव्हापासून विठोजीरावांच्या तोंडी दर चार वाक्यांत "अध्यक्ष म्हणाले" असायचं. गुंडूरावांचा एकुलता एक मुलगा वेणुगोपाल महादेवपुऱ्यातल्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत. त्याला मुलगी केली खानापूरकडची, सिद्धी. पोरगी कशी, तर उभ्या उभ्या हसणारी. पहिल्या संक्रांतीला अक्कांशेजारी बसली आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही थोड्याला 'स्वल्प' म्हणता ना, तश्शी माझी आई म्हणते. मला इथं करमायला लागलं बघा." दुसऱ्या संक्रांतीला ती आली नाही. ताप आहे म्हणाली सासू. आषाढात एका रविवारी सकाळी आठ वाजता फोन आला, की सिद्धी गेली.

बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, हार्ट बंद पडलं. घरोब्याच्या डॉक्टरनं तसा कागदही लिहून दिला होता. सव्वीस वर्षांची पोर, आणि म्हणे हार्ट! पण घरात शिरल्या शिरल्या अक्कांना कुणी विचार करायला सवडच दिली नाही. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो, त्याच्या आत सगळं आटपायचं होतं. खानापूरहून आईबाप निघालेत, पण त्यांच्यासाठी थांबणं कठीण, असं गुंडूराव हात जोडून सगळ्यांना सांगत होते.

अक्कांनी खोलीचं दार लावलं. सोबत शेजारची धनलक्ष्मी होती, नेहमीची जोडीदारीण. मंडळातल्या आणखी दोघी आल्या होत्या, पण एवढ्या तरण्या पोरीचं तोंड बघून त्यांना भोवळ आली आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. धनलक्ष्मीनं पाण्याचा तांब्या उचलला, अक्कांनी गळ्यावरचा पदर बाजूला केला आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

गळ्याच्या एका बाजूला चार निळे ठसे आणि दुसऱ्या बाजूला एक, अंगठ्याएवढा. समजायला काही शिकायला नको होतं. दंडावर जुने, पिवळे पडलेले आणखी होते. उजव्या हाताची दोन नखं मुळातून तुटलेली, आणि उरलेल्या नखांखाली काहीतरी साकळलं होतं. पोरगी झगडली होती.

"अय्यो देवा," धनलक्ष्मी म्हणाली. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि पायांवर पाणी ओतायला घेतलं.

आणि मग अक्कांनी काय केलं? ओरडल्या? दार उघडून बाहेर आल्या? नाही हो. पस्तीस वर्षांची सवय हाताला. त्यांनी हळद कालवली, नेहमीपेक्षा घट्ट. गळ्यावर एक हात दिला, तो पुरला नाही म्हणून दुसरा दिला. मग झाडूची काडी मोडून घेतली, एकेक बोट आपल्या तळव्यात धरलं आणि नखं साफ केली. अगदी मन लावून. चुडा मनगटापर्यंत पुढे ओढून तुटक्या नखांचा हात ओटीखाली ठेवला. मनात एकच चाललं होतं, पोरीची आई येतेय, तिला हे दिसायला नको. खरंच तसंच वाटलं होतं त्यांना. निदान तेव्हा तरी त्या स्वतःला तसंच सांगत होत्या.

दार उघडल्यावर सासू म्हणाली, "नवरीच दिसतेय हो माझी सून." वेणुगोपाल कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. माणसांच्या गर्दीनं उकडत असताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला. अक्कांनी ते पाहिलं आणि पिशवी आवरायला घेतली.

अक्काही दाहिनीपर्यंत गेल्या. चारला दहा कमी असताना तिथल्या आवारात एक धुळीनं माखलेली गाडी शिरली. यल्लव्वा, सिद्धीची आई, चालत्या गाडीतूनच उतरली म्हणायला हरकत नाही. मागून बाप मल्लाप्पा, त्याला दोघांनी धरलेलं. दहा मिनिटं मिळाली त्यांना. यल्लव्वानं लेकीचे पाय धरले, कपाळावरून हात फिरवला, आणि कुणी नटवलं म्हणून विचारलं. कुणीतरी अक्कांकडे बोट दाखवलं. त्या बाईनं अक्कांचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. "लई चांगलं केलंसा ओ अक्का. माझ्या लेकीला नवरीवानी धाडलंसा." मग गुंडूरावांनी घड्याळ पाहिलं, आणि पोरगी आत गेली.

महिन्याभरानं यल्लव्वानं तक्रार दिली. सिद्धीनं मरायच्या आदल्या दिवशी मावसबहिणीला फोन करून सांगितलं होतं, की मला घेऊन जा, हा मला मारून टाकील. ठाण्यातून सब-इन्स्पेक्टर प्रियदर्शनी घरी आली. तिशीची असेल, चेहऱ्यानं दमलेली. तिनं कन्नडमध्ये सरळ विचारलं, "अम्मा, तुम्ही अंगाला हात लावलात. काही खूण, काही जखम दिसली का?"

विठोजीराव शेजारीच बसले होते. आदल्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले होते, "अध्यक्ष म्हणाले, कृष्णवेणीअक्का आपल्याच. आणि हे बघ, समजा तू काही पाहिलंस म्हणालीस, तर पुसलं कुणी म्हणून उद्या तुझ्याच हातात बेड्या पडतील. कळलं?" अक्कांना कळलं होतं. भीती वाटली होती, खोटं कशाला बोला! पण भीतीपेक्षाही, पस्तीस वर्षं दाताखाली धरलेली जीभ एकाएकी सुटेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही दिसलं नाही." प्रियदर्शनीनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अक्कांनी सही केली. जाता जाता ती दारात थांबली. "लग्नाला दोनच वर्षं झाली होती. त्या दिवशी कुणा एकानं संशय आहे म्हणून फोन केला असता, तर मी देह थांबवला असता. शवविच्छेदन झालं असतं. आता माझ्याकडे राखसुद्धा नाही." विठोजीरावांनी तिला कॉफी घेता का म्हणून विचारलं.

तपास मिटला. त्यानंतर अक्कांनी कुणाच्या न्हाण्याला जायचं बंद केलं. गुडघे धरतात म्हणायच्या. पिशवी कपाटातच राहिली. जेवणात मीठ पडेना, कधी दोनदा पडे. विठोजीराव चिडले, की त्या नुसत्या बघत बसायच्या. पण वर्ष काय, कुणासाठी थांबतं? आषाढ पुन्हा आला, सिद्धीचं वर्षश्राद्ध झालं, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर वेणुगोपालसाठी स्थळं सुचवा म्हणून निरोप फिरला.

भाद्रपदात पितृपक्षातली नवमी येते, अविधवा नवमी. अहेव गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. सवाष्ण जेवली, की गेलेली तृप्त झाली असं धरायचं. गुंडूराव स्वतः निमंत्रण घेऊन आले. "अक्का, सिद्धीला शेवटचा हात तुमचा लागला. तिच्या नावानं तुम्हीच बसायचं." विठोजीरावांनी अक्कांच्या वतीनं होकार देऊन टाकला.

हॉलमध्ये केळीची पानं मांडली होती. मुख्य पान अक्कांचं, शेजारी धनलक्ष्मी, समोर विठोजीरावांसकट मंडळाची चार माणसं. पाटासमोर हिरवी साडी घडी घालून ठेवलेली. सिद्धीची सासू आज भलतीच खुशीत होती. वाढता वाढता तिनं मोबाइल पुढे केला. "ही बघा, धारवाडची. चोवीस वर्षांची आहे. मुलगी शांत आहे, उलट बोलायची नाही. पंधरा दिवसांत साखरपुडा. आधी हे आजचं नीट झालं पाहिजे, म्हणजे पहिलीचा पाय अडकत नाही." फोटोतली मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, शाळेत फोटो काढतात तशी.

मग सासूनं ओली हळद घेतली. आपल्याकडे इथं सवाष्णीच्या गालांना लावतात आणि गळ्यालाही, मंगळसूत्राच्या दोऱ्यापाशी. गार, ओली बोटं गळ्याला लागली मात्र, अक्का अशा दचकल्या की वाटी कलंडली. वेणुगोपाल साडी घेऊन पुढे आला होता, वाकून नमस्कार करणार होता. त्याचे दोन्ही हात अक्कांच्या पानासमोर, हातभर अंतरावर.

अक्का भरल्या पानावरून उठल्या. सवाष्ण पानावरून उठणं म्हणजे काय, ते सांगायला नको. सगळ्यांचे घास हातात राहिले.

"हिच्या गळ्यावर पाच बोटं होती," अक्का म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "सिद्धीच्या. चार इकडे, एक इकडे. मी पाहिली. मी वर हळद लावली. नखांत कातडं होतं, ते मी काडीनं काढलं. हार्ट नव्हतं बंद पडलं. गळा दाबला पोरीचा. आता ही दुसरी आणताय?"

पहिल्यांदा बोलले ते गुंडूराव, आणि साखरेतच बोलले. "अक्का, आज बी.पी.ची गोळी घेतलीत का?"

"खाली बस!" विठोजीराव ओरडले. "बस म्हणतो ना!"

"धनलक्ष्मी, तू होतीस. तू सांग गं."

धनलक्ष्मी आपल्या पानावरच्या कोशिंबिरीकडे बघत होती. "मी पायांकडे होते, अक्का," ती म्हणाली. "मला काय ठाऊक?"

वेणुगोपालनं साडी पाटावर ठेवली, घडी सारखी केली आणि आतल्या खोलीत निघून गेला. अक्कांना त्याच्या त्या शांतपणाची जेवढी किळस आली, तेवढी आपली स्वतःचीही आली. गळ्याची हळद तशीच ठेवून त्या रस्त्यावर आल्या आणि रिक्षा थांबवून ठाण्याचं नाव सांगितलं.

प्रियदर्शनीनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. नखांचं ऐकलं तेव्हा मात्र तिनं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

"अम्मा, खरं सांगू? तेवढी नखं मिळाली असती, तर तो आज आत असता."

"मी आता कोर्टात सांगते. काय शिक्षा व्हायची ती मला होऊ दे."

"तुम्हाला करून काय करू? तुमचा हा जबाब घेते. वरिष्ठांकडे पाठवते, प्रकरण उघडायला मागते. पण त्यांचा वकील तुमची गेल्या वर्षीची सही पुढे ठेवणार. तेव्हा खोटं बोलल्या की आता, एवढंच विचारणार. दुसरी बाई नाही म्हणते. देह नाही. कागदावर हार्ट आहे." तिनं कोरा कागद पुढे ओढला. "धारवाडच्या त्या घरी मी फोन करीन. ते मोडेल बहुतेक. तेवढं तरी होईल."

"आणि तो?"

"तो उद्या ऑफिसला जाईल," प्रियदर्शनी म्हणाली.

अक्का रडू लागल्या. प्रियदर्शनीनं पाण्याची बाटली पुढे सरकवली, आणि मग मोबाइल काढून नंबर लावला. "सिद्धीच्या आईला हे मी सांगणार नाही. दर आठवड्याला ती बाई मला विचारते, काही मिळालं का. मी काय सांगू? तुम्ही पाहिलंय, तुम्हीच सांगा."

खानापूरला तीनदा घंटा वाजली. यल्लव्वानं उचलला. अक्कांनी नाव सांगितलं, तर तिकडून लगेच, "अक्का? बोला की ओ, बरं हायसा न्हवं?" त्या आवाजात नुसती माया होती. तरी त्यांनी सांगितलं. ठसे सांगितले, दंड सांगितले, नखं सांगितली. एकही गोष्ट गाळली नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी न्हाणीतलं बाहेर काढलं होतं, तेही त्या पोरीच्या आईपाशी.



"म्हंजे मी आले तवा ते हुतं," यल्लव्वा म्हणाली. "तिच्या गळ्यावर."

"हो."

"त्या हळदीच्या खाली."

"हो."

"मी तिच्या गळ्याला हात लावाय गेल्ते, अक्का. आईचा हात जातोच की ओ. तुम्ही माझा हात धरलासा. म्हणालासा, लावू नका, हळद ओली हाय, पुसंल."

अक्कांना ते आठवत नव्हतं. वर्षभर त्यांनी तो दिवस एकेक करून आठवला होता, खोली, पाणी, काडी, चुडा, गाडी. एवढंच काय ते कधी आठवलं नव्हतं. आता आठवलं. यल्लव्वाचं खरखरीत मनगट, ते घट्ट धरलेली आपली बोटं, आणि आपलाच समजूतदार आवाज.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच धरला."